लॉस्ट पाम्सची वाट, दुसऱ्या खेपेला

कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या दक्षिण टोकाला, वाळवंटातल्या एका घळीत शंभरेक ताडांचा जथा उभा आहे. त्याचं नाव लॉस्ट पाम्स ओअ‍ॅसिस. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला मरूद्यान म्हणायचो, ते हेच. कॉटनवूड स्प्रिंग नावाच्या झऱ्यापासून तिथवर जाऊन-येऊन साडेसात मैल, म्हणजे बारा किलोमीटर. पार्कवाले पाच ते सहा तास सांगतात. कागदावर हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि म्हणून आमची पहिली खेप फुकट गेली. एप्रिल २०२४ ला निम्म्या वाटेवरून परत फिरलो आणि नोव्हेंबरात पुन्हा जाऊन पोचलो. पहिल्यांदा जाताना मला जे कोणीतरी सांगायला हवं होतं, ते लिहून ठेवते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण चूक तिथूनच सुरू होते. मी पुण्याची. कॉलेजात असताना शनिवार-रविवार राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड यांतच गेले. ते वेड बाबांकडून आलेलं. ते बँकेत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी खांद्याला शबनम अडकवून डोंगरात जायचे. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला येऊन मला अकरा वर्षं झाली, पण डोक्यातला ट्रेक अजून सह्याद्रीतलाच. गडावर टाकं असतं, टाक्यात पाणी असतं. पायथ्याच्या वाडीत कुणीतरी मावशी पिठलं-भाकरी करून देते. वाट चुकलीच तर गुरं घेऊन निघालेला एखादा मामा हात करून सांगतो, "तिकडं नका जाऊ, कडा हाय." या सगळ्या गोष्टी मी इतक्या गृहीत धरल्या होत्या की त्या गृहीत धरल्यात हेच लक्षात आलं नाही.

बाबा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी आले. वय एकोणसत्तर. रोज सकाळी तळजाईला जाणारा माणूस, इथे आठवड्याभरात कंटाळला. "एखादा डोंगर बिंगर नाही का गं इथे?" म्हणाले. मी पार्कची वेबसाइट उघडली तर २० एप्रिल, शनिवार, प्रवेश फुकट. नॅशनल पार्क वीकचा पहिला दिवस होता. एरवी गाडीमागे तीस डॉलर पडतात, सात दिवस चालतात. फुकट ते पौष्टिक, असं म्हणून तोच दिवस ठरवला.

फुकट दिवशी जाऊ नका. एवढंच सांगून पुढे गेले असते, पण त्या दिवशी आणखीही चुका झाल्या.

नवरा म्हणाला होता की सहाला निघू. बाबांची आंघोळ-पूजा, माझा उपमा, लेकाचा एक सापडेना झालेला बूट, असं करत सव्वाआठला निघालो. त्यात मी ठरवलं होतं की पश्चिमेच्या दारातून आत शिरायचं, म्हणजे बाबांना जोशुआची झाडंही दिसतील. कारण गंमत अशी की लॉस्ट पाम्स आहे त्या दक्षिण भागात जोशुआचं झाड औषधालाही नाही. ही झाडं वरच्या, जास्त उंचीच्या मोहावी वाळवंटात. खाली कोलोरॅडो वाळवंट सुरू होतं, तिथे ओकोटियो, क्रियोसोट आणि चोया अशी काटेरी झुडपं नि निवडुंग. एकाच पार्कात दोन वाळवंटं. दोन्ही एका दिवसात दाखवायची हौस मला नडली.

पश्चिम दाराशी साडेदहाला पोचलो आणि पन्नास मिनिटं रांगेत उभे. त्या वेळात मी फोनवर शोधून काढलं की बासष्टच्या पुढच्यांना सीनियर पास मिळतो, वर्षाचा वीस डॉलर, आजन्म ऐंशी. बाबांना सांगितलं. ते खूश. मग खालची ओळ वाचली: फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाले. कुणाचे आईवडील पाहुण्याच्या व्हिसावर येणार असतील तर या भानगडीत पडू नका, गाडीचाच पास काढा, त्यात सगळे येतात.

आत गेल्यावर दर दहा मिनिटांनी थांबलो. खडक बघायला थांबलो, फोटोला थांबलो, शेवटी चोयाच्या बागेत थांबलो. चोया हा निवडुंग लांबून फार गोड दिसतो, काठ्यांवर पिवळसर लोकर गुंडाळल्यासारखा. इंग्रजीत त्याला उडी मारणारा म्हणतात. तो उडी मारत नाही, पण त्याची बोंडं इतकी सैल असतात की नुसता स्पर्श झाला तरी तुटून अंगाला चिकटतात. लेकाच्या बुटाला एक चिकटलं. त्याने ते हाताने काढायला वाकून बोट पुढे केलं, तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब, हात लावू नकोस!" आणि शर्टाच्या खिशातून फणी काढली. बाबांच्या खिशात कायम एक छोटी काळी फणी असते, डोक्यावर विंचरायला फारसं काही उरलेलं नसलं तरी. फणीचे दात बोंड आणि बूट यांच्यामध्ये सरकवले आणि बोंड उडवून लावलं. मला वाटलं, वा, बाबांची युक्ती. नंतर कळलं की इथे वाळवंटात फिरणारे लोकही हेच करतात, फणी बाळगतात. तुम्हीही ठेवा. त्या काट्यांना उलटे बारीक आकडे असतात, बोटांनी ओढायला गेलात तर बोटांत रुततात.

कॉटनवूडला पोचायला सव्वा वाजला. गाडीतला आकडा ८४ फॅरनहाइट दाखवत होता, म्हणजे एकोणतीसेक अंश सेल्सियस. पुण्याच्या माणसाला हे ऊन म्हणजे काहीच नाही. बाबा तसं म्हणालेसुद्धा. पण पुण्याच्या उन्हात दर शंभर पावलांवर झाड असतं. शिवाय हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, येता येता सुकतो. आपल्याकडे घाम निथळायला लागला की माणूस पाणी पितो. इथे ती घंटा वाजत नाही.

पाण्याचा हिशोब सांगते, म्हणजे लाज पूर्ण होईल. चौघांत अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या, म्हणजे सहा लिटर. त्यातल्या दोन गाडीतच संपल्या होत्या. पार्कची सूचना माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि चालणार असाल तर त्याच्या दुप्पट. ही सूचना मी वाचली होती. वाचून "हे अमेरिकन लोक प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतात" असं म्हणून सोडून दिली होती.

एक चाळीसला चालायला लागलो. सुरुवातीला झऱ्यापाशी कॉटनवूडची हिरवीगार झाडं, चारदोन ताड, पक्ष्यांचा कलकलाट. पूर्वी इथे काविया नावाचे इथले मूळ रहिवासी पाण्याला यायचे, मग सोन्याच्या खाणींवाले आले. खडकात धान्य दळायचे खळगे आहेत. बाबांनी त्यात हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "आपल्या उखळासारखंच की."

सावली तिथे संपली. पुढे वाळूची वाट, एक धार चढायची, पलीकडच्या कोरड्या ओढ्यात उतरायचं, पुन्हा धार. पाऊण मैलावर मॅस्टोडॉन शिखराचा फाटा डावीकडे गेला. बरेचसे लोक तिकडे वळले, कारण तो फेरा तीन मैलांचाच आहे. आम्ही सरळ. दीडेक मैलावर लेक कुरकुरायला लागला. दोन मैलांच्या आसपास बाबा एका खडकाच्या हातभर सावलीत बसले. चेहरा लाल. बोटं सुजल्यासारखी, अंगठी फिरेना. "काही नाही, जरा दम खातो," म्हणाले.

समोरून एक सत्तरीतली बाई येत होती, एकटीच, डोक्यावर गळ्यापर्यंत झालर असलेली टोपी, दोन्ही हातांत काठ्या. ती थांबली. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारलं, "पाणी किती आहे तुमच्याकडे?" आम्ही बाटल्या मोजल्या. दोन लिटरांहून थोडं जास्त. ती काही बोलली नाही. आमच्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि सांगितलं की पुढे अजून निम्मी वाट आहे, तिथे पिण्याजोगं पाणी नाही आणि शेवटी घळीत उतरल्यावर परत वर यायला दम लागतो. मग निघून गेली.

आणि बाबा म्हणाले, "मी इथे बसतो. तुम्ही तिघं जाऊन या."

डोंगरात फिरलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे वाक्य ऐकलेलं आहे. कुणाचा तरी पाय दुखतो, तो खिंडीत झाडाखाली बसतो, बाकीचे माथ्यावर जाऊन येतात, येताना त्याला उचलतात. आम्ही शेकडो वेळा केलंय. मी मिनिटभर खरंच विचार केला. बाबांना एक बाटली द्यायची, आम्ही भरभर जाऊ, दोन तासांत परत. हे मी कबूल करते आहे कारण तो विचार मला त्या क्षणी अजिबात वेडगळ वाटला नव्हता. नवऱ्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि स्वतःच्या टोपीवर पाणी ओतून ती बाबांच्या डोक्यावर ठेवली. "बाबा, आपण सगळेच परत जाऊ," म्हणाला. फोनला रेंज नाही, सावली सरकत असते, तासाभरात तो खडक भर उन्हात येणार होता. हे सगळं मला गाडीत बसल्यावर सुचलं.

परतायला पावणेदोन तास लागले. व्हिजिटर सेंटरच्या नळावर सगळ्यांनी डोकी भिजवली. गाडीत कोणी बोलत नव्हतं. वाटेतलं इंडिओ गाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "माझ्यामुळे राहिलं तुमचं." मी म्हटलं, "असं काही नाही हो." पण ते ज्या सुरात म्हटलं, त्यावरून त्यांना ते पटलं नसणार. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही थोडं तसंच वाटत होतं. आठवड्याभराने नवऱ्याने सहज म्हणून गणित मांडलं: सव्वाआठची सुरुवात, पन्नास मिनिटं रांग, दीड तास हुंदडणं, पाच लिटर पाणी, चार माणसं. बाबांच्या जागी तेनसिंग असता तरी परत फिरावं लागलं असतं. मी हे बाबांना सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं नाही.

मे ते सप्टेंबर तिकडे फिरकायचं नाही. खाली चाळीस अंशांच्या वर जातं. २०२२ च्या उन्हाळ्यात तर याच पार्कमधल्या दुसऱ्या एका ओअ‍ॅसिसची, फॉर्टीनाइन पाम्सची, वाट पार्कने काही महिने बंदच ठेवली होती, रानमेंढ्यांना निवांतपणे पाण्यावर येता यावं म्हणून. दुष्काळात त्यांना पाण्याची तेवढीच जागा उरली होती आणि माणसं असली की रानमेंढे येत नाहीत. हे वाचल्यावर "ओअ‍ॅसिसमध्ये पाणी असेलच की" हा माझा मुद्दा कायमचा निकालात निघाला. असलं तरी ते आपलं नाही.

सप्टेंबरअखेर बाबा परत गेले. त्यांच्या खोलीतली चादर काढताना टेबलाच्या खणात ती फणी सापडली.

नोव्हेंबरची तयारी मात्र रीतसर केली. लेक चौथीत गेला होता. इथे चौथीतल्या मुलांना वर्षभर सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा पास फुकट मिळतो, एव्हरी किड आउटडोअर्स नावाची योजना आहे. सप्टेंबर ते ऑगस्ट असं त्याचं वर्ष. वेबसाइटवर मुलाने स्वतः काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग एक व्हाउचर मिळतं. तेव्हा ते कागदावर छापलेलंच लागायचं, फोनवर दाखवलेलं चालत नव्हतं. आमच्या प्रिंटरची शाई नेहमीप्रमाणे संपलेली, म्हणून वाचनालयात जाऊन पंधरा सेंटांत छापलं. त्या कागदाच्या बदल्यात पार्कात प्लॅस्टिकचं कार्ड द्यायचे. गाडीतल्या सगळ्यांना ते चालतं, पण मूल सोबत हवं. हे कळल्यापासून लेक आम्हाला "मी आहे म्हणून तुम्ही जाताय" असं ऐकवत होता.

कॉटनवूडलाच तंबू टाकायचा विचार होता. तिथली आरक्षणं सहा महिने आधी उघडतात आणि नोव्हेंबरचे शनिवार-रविवार कधीच गेलेले होते. मग शुक्रवारी, १५ नोव्हेंबरला, संध्याकाळी ऑफिस आटपून इंडिओला जाऊन राहिलो. साध्या मोटेलला करासकट एकशे बारा डॉलर पडले. महाग वाटलं, पण तिथून कॉटनवूड अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि या वेळी दिवस छोटा होता. घड्याळं मागे केल्यानंतर नोव्हेंबरात तिथे साडेचारच्या थोडं पुढे सूर्य मावळतो. एप्रिलमध्ये आम्हाला उजेड भरपूर होता, पाणी नव्हतं. नोव्हेंबरात उलट, पाणी कमी लागेल पण उजेड कमी. म्हणून ठरवलं की साडेबाराला जिथे असू तिथून मागे फिरायचं. आणि पाणी निम्मं झालं तरी मागे फिरायचं. दोन्हींतलं जे आधी होईल ते.

पाणी घेतलं अकरा लिटर. आम्हा दोघांचं चार-चार आणि लेकाचं तीन, तेही आमच्याच पाठीवर. अकरा लिटर म्हणजे अकरा किलो, हे शाळेत शिकलेलं असतं, पण खांद्याला कळतं तेव्हा वेगळंच असतं. एक पाच लिटरचा कॅन गाडीत ठेवला. बाकी सामान: दोन हेडलॅम्प, जुन्याच काठ्या, लेकाला अडतीस डॉलरचे घोट्याच्या वर येणारे बूट, उतरवून घेतलेला ऑफलाइन नकाशा, चिमटा, फणी. खायला मेथीचे ठेपले आणि दिवाळीचा उरलेला चिवडा. चिवड्याबद्दल मुद्दाम लिहिते. इथले लोक मीठ मिळावं म्हणून कसल्या कसल्या पुड्या पाण्यात घालून पितात. पोह्यांच्या चिवड्यात मीठ आहे, साखर आहे, दाणे आहेत, आणि उन्हात तो वितळत नाही. बेसनाचे लाडू नेऊ नका, कोरड्या तोंडात टाळूला चिकटतात आणि एका लाडवाला अर्धी बाटली पाणी जातं.

दक्षिण दाराने आलात तर तिकिटाची चौकी लागत नाही, हमरस्त्यापासून सात मैल आत गेल्यावर व्हिजिटर सेंटर येतं, तिथेच पैसे भरायचे किंवा पास दाखवायचा. आम्ही आठ दहाला पोचलो तर दार बंद, उघडायची वेळ साडेआठ. वीस मिनिटं गेली म्हणून मी चरफडले, पण लेकाला त्याचं कार्ड हवं होतं. रेंजरबाईंनी व्हाउचर घेतलं, कार्ड दिलं आणि त्यावर सही करायला सांगितली. त्याची आयुष्यातली पहिली सही. पूर्ण नाव वळणदार लिहायला गेला आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरं कार्डाबाहेर गेली. बाईंनी कुठे निघालात, कितीला निघताय, पाणी किती असं विचारलं. दिवसाच्या चालीला परवाना वगैरे काही लागत नाही. बाथरूम तिथेच उरकून घ्या, पाणीही तिथेच भरून घ्या. पेट्रोलही पार्कात कुठेच मिळत नाही, जवळचा पंप हमरस्त्यावर चिरियाको समिटला.

नऊ पाचला चालायला सुरुवात. हवा थंड, जॅकेट घालण्याइतकी. एप्रिलमधला तो खडक लागला तेव्हा दहा वाजले होते. मी थांबले नाही. नवरा थांबला, त्याला हात लावला आणि पुढे आला.

त्यापुढची वाट आमच्यासाठी नवी. वाट स्पष्ट आहे, मध्ये मध्ये खांब आहेत, पण कोरड्या ओढ्यांत उतरलं की चारही बाजूंना सारखीच वाळू दिसते आणि लोकांची पावलं वर-खाली दोन्हीकडे गेलेली असतात. तिथे थांबून पलीकडच्या काठावर वाट कुठे चढते ते आधी शोधायचं. आम्ही एकदा चुकलो, शंभर पावलांत लक्षात आलं. बाण आणि भगवे झेंडे बघत चाललेल्या माणसाला हे जरा जड जातं.

मग जवळजवळ पावणेबारापर्यंत काहीच नाही. नुसतं चालणं. कंटाळा येतो, हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. तपकिरी टेकडी, तिच्यामागे तपकिरी टेकडी. लेकाने किती राहिलं हे अठरा वेळा विचारलं, मी मोजलं. ताड कुठेच दिसत नाहीत, कारण ते घळीत आहेत आणि तुम्ही वरून येता. आणि मग वाट एका कड्याशी येते आणि खाली, राखाडी धोंड्यांच्या मधोमध, गडद हिरवं काहीतरी दाटलेलं दिसतं.

इथे बरेच जण थांबतात, वरूनच फोटो काढून परत जातात. तेही चालण्यासारखं आहे, लहान मूल किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर तिथेच बसा. खाली उतरायला पाव मैलाची तीव्र वाट आहे, घसाऱ्याची. आपल्याकडे गडावर आधी चढ असतो, दमलेला माणूस उतारावर घरी येतो. इथे मुक्काम खाली आणि निघताना पहिलाच चढ अंगावर. घड्याळ बघितलं, अकरा पन्नास. पाणी मोजलं, साडेसहा लिटर शिल्लक. उतरलो.

ताड म्हटलं म्हणून आपल्या कोकणातला ताडगोळ्याचा ताड डोळ्यांसमोर आणू नका, पण फार लांबही जाऊ नका. पानं तशीच पंख्याची. खोड मात्र दोन माणसांच्या कवेत येईल एवढं जाड, आणि वाळलेली पानं गळून पडत नाहीत. ती खोडाभोवती खाली लोंबत राहतात, वर्षानुवर्षांची, थरावर थर, झाडाने जमिनीपर्यंत घागरा घातल्यासारखी. कॅलिफोर्नियाचा मूळचा असा हा एकच ताड, शास्त्रीय नाव वॉशिंग्टोनिया फिलिफेरा. फिलिफेरा म्हणजे धागेवाला. हिरव्या पानाच्या कडेला खरोखरच पांढरे धागे सुटलेले असतात, नव्या पंचाच्या दशांसारखे. लेकाने एक खाली पडलेला धागा बोटाला गुंडाळून ओढून बघितला. तुटला नाही.

खाली उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. वारा आला की ते सगळे वाळके घागरे एकदम सळसळतात. मला क्षणभर पाऊस आला असं वाटलं, पत्र्यावर सुरू होतो तसा. मी वर बघितलंसुद्धा. आकाश निळं.

पाणी म्हणाल तर धोंड्यांच्या फटीत ओली वाळू आणि एका ठिकाणी परातीएवढं थारोळं, त्यावर माश्या. एवढ्यावर शंभर झाडं कशी उभी आहेत असं वाटतं. या ताडांची मुळं फार खोल जात नाहीत, म्हणून ते खडकाच्या भेगांतून पाणी वर येतं तिथेच उगवतात. ताड दिसला की तिथे जमिनीत पाणी आहे असं खुशाल समजावं. काविया लोकांचं सगळं या झाडावर चालायचं: पानांनी घरं शाकारायची, फळं खायची, बियांचं पीठ करायचं. अधूनमधून ते हे घागरे मुद्दाम पेटवूनही द्यायचे. झाड मरत नाही. आंब्यासारख्या झाडाचा जीव सालीखालच्या पातळ थरात असतो, ताडाच्या रसवाहिन्या खोडभर विखुरलेल्या, त्यामुळे बाहेरून होरपळला तरी आतून चालू राहतो. पुढच्या वर्षी फळं मात्र जास्त येतात. रसवाहिन्या अशा विखुरलेल्या म्हणून तर खोडात वर्तुळं नसतात आणि तोडून बघितलं तरी वय कळत नाही, ही माहिती लेकाने शाळेत जाऊन सांगितली आणि बाईंनी तपासून बघितली.

फळं त्या दिवसांत पिकलेली असतात. काळी, वाटाण्याएवढी, नावाला गर आणि आत टणक बी. आम्ही खाल्ली नाहीत. कोण खातं ते वाटेवरच दिसलं: एका धोंड्यावर कोल्ह्यासारख्या प्राण्याची, कायोटीची, सुकलेली विष्ठा होती आणि ती जवळजवळ संपूर्ण बियांची होती, राजगिऱ्याची वडी असावी तशी. झाडं एका घळीतून दुसऱ्या घळीत अशी जातात. लेक या गोष्टीवर जेवढा खूश झाला तेवढा अख्ख्या ओअ‍ॅसिसवर झाला नाही. रानमेंढा दिसला नाही. दिसावा म्हणून आम्ही गप्प बसलो होतो, पण चिवड्याच्या पिशवीचा आवाज फार होतो.

अर्धा तास बसलो. साडेबाराला नवऱ्याने फक्त घड्याळ दाखवलं.

घळीतून वर यायला पंचवीस मिनिटं लागली. माझी छाती भात्यासारखी चालत होती, लेक एका जागी रडवेला झाला, दोनदा बसलो. एप्रिलच्या दुपारी, दोन लिटर पाण्यावर, बाबांना घेऊन हा चढ, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच टाकून पुढे निघाले. परतीची वाट नेहमीप्रमाणे दुप्पट लांब झालेली होती. मॅस्टोडॉनच्या फाट्याशी माझ्या पोटरीला चोयाचं बोंड लागलं, कुठून ते कळलं नाही. फणी लागली. बोंड पहिल्या झटक्यात निघालं, दोन काटे आत राहिले ते चिमट्याने काढले. रक्ताचे दोन थेंब, जळजळ रात्रीपर्यंत.

तीन दहाला गाडीपाशी. सहा तास पाच मिनिटं. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं असतं, वाळवंटी कासवं सावलीला गाडीखाली येऊन बसतात. नोव्हेंबरात ती बहुतेक बिळात गेलेली असतात, तरी लेक आडवा होऊन चारही चाकं बघून आला. पेट्रोल, मोटेल, बूट, रात्रीचं जेवण धरून सगळा खर्च दोनशे चाळीस डॉलरच्या आसपास झाला. त्यातले बूट अजून चालताहेत.

इंडिओला थांबून खजुराचं मिल्कशेक घेतलं, तिथे खजुराच्या बागाच बागा आहेत. ही झाडं मात्र अरबी देशांतून आणून लावलेली. फोनला रेंज आली होती. पाचच्या सुमारास बाबांना लावला, तिकडे रविवारची पहाट उलटून साडेसहा झाले होते. चहाचा कप ठेवल्याचा आवाज आला.

"पोचलो बाबा. खाली उतरून आलो."

"अरे वा. कितीला निघाला होतात?"

"नऊला. बाबा, तेव्हा ना, चूक माझी होती. पाणीच कमी होतं. तुमच्यामुळे काही नाही राहिलं."

थोडा वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली.

"आज किती उरलं?" त्यांनी विचारलं.

"सव्वादोन लिटर."

"मग ठीक आहे," म्हणाले. "बरं, माझी फणी तिकडेच राहिली का गं?"

"हो. बॅगेत आहे. पाठवू का कुणाबरोबर?"

"नको, असू दे. मी इथे दुसरी घेतलीये."